रविवारचा रस्सा आणि उंबऱ्यातले नाना

पाचोऱ्याला भावाकडे गेले होते. सकाळी समोरच्या किराणा दुकानातला माणूस धावत आला आणि म्हणाला, "ताई, धुळ्याहून फोन होता. तुमचे सासरे गेले." मी त्याच्यावरच खेकसले. म्हटलं, नीट ऐकलंस का, दुसऱ्या कुणाचा असेल! बिचाऱ्यानं पुन्हा तेच सांगितलं. तेव्हा कळलं, खरं आहे... पारोळ्याला एसटी बदलून धुळ्याला पोहोचेपर्यंत मला एकच गोष्ट आठवत होती. निघताना नाना स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी, तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसले होते आणि मला विचारत होते, "माय, रविवारले येशी ना?" मी म्हटलं, "येते की. तुमचा वास कोण घालेल मग?" ते हसले. रविवार उजाडायच्या आधीच ते गेले. आता काही आठवडे झाले, घर पुन्हा आपल्या चाकोरीला लागलं आहे, आणि मी मात्र अजून त्या एका रविवारी अडकले आहे.

'वास घालणं' हे काय प्रकरण ते सांगायला हवं. नाना एसटीत कंडक्टर होते. माझ्या सासूबाईंना सगळे अक्का म्हणत. मी त्यांना पाहिलेलं नाही. माझ्या लग्नाआधीच त्या गेल्या. पण त्यांच्या कोंबडीच्या रश्श्याबद्दल मी इतकं ऐकलं होतं, की लग्नात आहेर करायला आलेल्या बायकासुद्धा आधी त्या रश्श्याची आठवण काढत आणि मग माझ्याकडे बघत. अशा सासूच्या चुलीपुढे नव्या सुनेनं उभं राहायचं म्हणजे काय, ते ज्यांना उभं राहावं लागलं त्यांनाच ठाऊक! वर गंमत अशी, की नानांनी कोंबडी खाणंच सोडलं होतं. माणूस गेलं की आवडीचा एखादा पदार्थ त्याच्या नावानं सोडायचा, ही आपल्याकडची रीत. कुणी भोपळा सोडतं, कुणी पेरू. न आवडणाऱ्या भाज्या सोडून पुण्य कमावणारे महाभाग मी पुष्कळ पाहिले आहेत. नानांनी मात्र जीव की प्राण असलेली गोष्ट सोडली. आणि सोडली तरी रविवारी माझी फोडणी बसली की ते उंबऱ्याशी डबा ओढून बसत, डोळे मिटत, आणि नंतर मुकाट्यानं वरण-भाकरी जेवत. पहिल्यांदा मी लाजून म्हटलं, नाना, थोडा वाढू का? तर म्हणाले, "नको माय. पन वास लेवाले काय बंदी शे का?" वास घ्यायला बंदी कसली, म्हणून तेव्हापासून मी त्याला नानांना 'वास घालणं' म्हणू लागले.

अक्कांनी परसात दहा-बारा गावरान कोंबड्या पाळल्या होत्या. त्या गेल्यावर घर मुकं झालं, म्हणून निवृत्तीनंतर नानांनी गावाबाहेरच्या तुकड्यावर शेड घातली आणि बॉयलर कोंबड्या आणल्या. आमच्याकडे ब्रॉयलर कुणी म्हणत नाही, बॉयलरच. सुरुवातीला लोक नाकं मुरडत. ही कसली पांढरी, पुचाट कोंबडी, म्हणत. मग हळूहळू चव लागली, खानावळवाले येऊ लागले. नाना पिल्लांमध्ये लहान मूल होऊन जात. भुश्यावर हात फिरवून तो कोरडा आहे का बघत, थंडीत उबेसाठी दिवे लावून स्वतः तिथंच खाट टाकत. आणि हा माणूस स्वतः कोंबडी खात नाही, याची सगळ्या धुळ्यात थट्टा चाले. नाना म्हणजे मिठाई न खाणारा हलवाई, असं खानावळवाले दगाजीभाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. नाना हसत. का सोडली, ते कुणाला सांगत नसत.

मग एका वर्षी, पावसाळा सरता सरता, ती अफवा आली. जळगावकडच्या कुठल्याशा लग्नात कोंबडीचं जेवण झालं आणि वऱ्हाडाला उलट्या झाल्या, एवढीच मुळातली गोष्ट. धुळ्याला पोहोचेपर्यंत तिला शिंगं फुटली. कोंबड्यांना मानमोडी झाली आहे, तिनं कोंबडीची मान वाकडी होते, आणि ती खाल्ली की माणसाचीही होते! मान अवघडून झोपेतून उठलेला एखादा जरी बाजारात दिसला, तरी लोक त्याला विचारत, काय खाल्लंत? आमच्या शेडमध्ये एकही पाखरू आजारी नव्हतं. सरकारी डॉक्टर येऊन बघून गेले, तसं लिहून दिलेला कागद आम्ही दारावर डकवला. कागद कुणी वाचला नाही. कापायला आलेल्या कोंबड्या जागच्या जागी जड होत चालल्या, दाणा खात राहिल्या आणि गिऱ्हाईक फिरकेना. शेड बंद करावी लागणार, असं हे, म्हणजे माझे यजमान, उघड बोलू लागले. नाना मात्र रोज दाणा टाकत राहिले.

आणि मग एका संध्याकाळी दगाजीभाऊ आले. चांगला माणूस, नानांचा जुना दोस्त. ओसरीवर टेकले, इकडचं तिकडचं बोलले, आणि खाली बघत म्हणाले, "नाना, राग नका मानू. पन गिऱ्हाईक इचारतस... नाना सोता का खात नहीत? मी लोकेसले काय सांगू?"

इतकी वर्षं ज्या नेमाची थट्टा होत होती, तोच आता पुरावा झाला होता. पिकवणाराच खात नाही, म्हणजे पाणी कुठंतरी मुरतंय! दगाजीभाऊ गेल्यावर हे चिडून म्हणाले, "सांगून टाका ना नाना, आईसाठी सोडली म्हणून. लोक लगेच समजतील." नाना म्हणाले, "तिनं नाव मी बजारमा काढू का?" एवढंच.

तरीही नाना तसेच बसून राहिले असते आणि शेड गेली असती, असं मला आजही वाटतं. त्यांना हलवलं ते वन्संनी. माझ्या नणंदबाई, नानांची एकुलती लेक, जळगावला पिंप्राळ्यात राहतात. दिवाळीला आल्या आणि पिशवी खाली ठेवता ठेवता मला हळूच म्हणाल्या, "वहिनी, यंदा कोंबडी नको हं करू. पोरं लहान आहेत." त्यांचं काही चुकलं नव्हतं. आईच्या काळजाला अफवेचं खरं-खोटं करत बसायला सवड नसते. पण नाना दाराशीच होते. त्यांनी ऐकलं. त्यांचा चेहरा मी तेव्हा पाहिला आणि मला वन्संचा, त्या लग्नातल्या वऱ्हाडाचा, साऱ्या जगाचाच संताप आला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दगाजीभाऊंना शेडवर नेलं. म्हणाले, "दगाजी, तूच काढ. तुले वाटी ती." दगाजीभाऊंनी आपल्या मनाला येईल ती एक धडधाकट कोंबडी काढली. मग नाना मला म्हणाले, "माय, रस्सा कर." मधे अदलाबदल झाली असं कुणी म्हणायला नको, म्हणून दगाजीभाऊ रस्सा उकळेपर्यंत आमच्या अंगणात बसून राहिले, दोनदा चहा प्यायले, आणि दर थोड्या वेळानं मान उंचावून आत बघत होते. मला हसूही येत होतं आणि भीतीही वाटत होती. इतकी वर्षं ज्या माणसाला मी फक्त वास वाढला, तो आज माझ्या हातचं खाणार होता, आणि तेही असं! भर दुपारी पातेलं घेऊन आम्ही बसस्टँडजवळच्या खानावळीत गेलो. वाढायला मी हट्टानं गेले. बाकांवर, दारात, रस्त्यावर माणसं. नानांनी कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी कुस्करली, वर रस्सा ओतून घेतला. मागून कुणीतरी ओरडलं, "काळीज खावा नाना, रोग काळीजमा ऱ्हास!" नानांनी वाटीतून काळीज शोधून काढलं, सगळ्यांना दिसेल असं धरलं आणि खाल्लं. लोकांना वाटलं होतं दोन घास खाऊन उठतील. ते उठले नाहीत. त्यांनी पुन्हा वाढून घेतलं. हाडं चोखली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाक गळत होतं, आणि ते मान खाली घालून खात होते. दगाजीभाऊ म्हणाले, "सूनबाईना रस्सा तिखट दिखस!" माणसं हसली. नानाही हसले. फक्त मला ठाऊक होतं, की मी त्या दिवशी भीतीनं तिखट कमीच टाकलं होतं.

लोक एका दिवसात परतले नाहीत. पण दगाजीभाऊंनी त्याच संध्याकाळी कोंबड्या नेल्या, मग त्यांच्या शेजारचा खानावळवाला आला, मग घरगुती गिऱ्हाईक. वन्संनी पुढच्या खेपेला स्वतःहून पोरांच्या ताटात रस्सा वाढला. शेड राहिली.

मी मात्र त्या रात्री उताविळीनं विचारलं होतं, "नाना, कसा झाला होता?" ते डब्यावर टेकले. मग म्हणाले, "चांगला व्हता, माय. पन मी बठ्ठा रस्सामा तिलेच शोधत व्हतू..." आता सुनेनं यावर गहिवरायचं असतं. मी भडकले. म्हटलं, "मग सांगा ना, काय कमी आहे ते! मी काय तुमच्या अक्कांना पाहिलंय?" नाना दचकले, आणि मग किती तरी वेळ हसत राहिले.

पुन्हा त्यांनी कोंबडीला हात लावला नाही. नेम जिथं मोडला तिथून परत धरला. पण पुढच्या रविवारपासून उंबऱ्यातून हुकूम सुटू लागले. "कांदा तेलमा नको परतू, इस्तोमा टाक, सालसंगे." घरात गॅस असताना मी निखाऱ्यांसाठी अंगणात शेगडी पेटवू लागले. "खोबरं आजून काळं कर." एकदा मिरे जास्त, एकदा लवंग कमी. चाखायचं नाही, नुसत्या नाकावर सगळा कारभार! मी कुरकुरायची, म्हणायची, एवढी परीक्षा तर माझ्या बोर्डानं घेतली नाही. आणि रविवारची वाट बघायची. असे किती रविवार गेले, कुणी मोजले? मग एका हिवाळ्यात, मी झाकण काढलं, वाफ दारापर्यंत गेली, आणि आज्ञा आलीच नाही. वळून बघितलं तर नाना डोळे मिटून बसलेले. अगदी हळू म्हणाले, "आते उनी." आता आली. मला रडू आलं आणि रागही आला. इतकी वर्षं धूर मी खाल्ला, आणि आली कोण? तर सासूबाई!

नानांचं सगळं आटोपलं, सूतक फिटलं, आणि परवाच्या रविवारी हे म्हणाले, कर आज रस्सा, नानांनाही आवडलं असतं. मी शेगडी पेटवली. सालीसकट कांदे निखाऱ्यात टाकले, खोबरं काळं होऊ दिलं. झाकण काढलं आणि सवयीनं थांबले. उंबऱ्याकडून काहीच आलं नाही. बरोबर झाला की नाही, हे आता मला कोण सांगणार? मी सगळ्यांची ताटं वाढली. वन्संही आल्या होत्या. पहिला घास घेतला आणि त्यांचा हात तसाच राहिला. "वहिनी... आईचा आहे गं," म्हणाल्या. मी त्यांना बिलगले नाही की काही नाही. माझ्या ताटात वरण-भाकरी घेतली, तो तेलाचा डबा ओढला आणि उंबऱ्याशी बसले.

हे बघतच राहिले. "हे काय? आता तूसुद्धा?" म्हणाले. "उद्या पुन्हा एखादी अफवा उठली तर?"

"उठली तर बसेन दगाजीभाऊंच्या खानावळीत. काळीजसुद्धा खाईन," मी म्हटलं. "तोवर इथंच बसू द्या. वास लेवाले काय बंदी शे का?"