चुन्याखालचा बाण

पूल पडत कसा नाही, असं तिने सातव्या वर्षी ट्रक चालवणाऱ्या बाबांना विचारलं होतं. "ते इंजिनिअरला विचार," म्हणून त्यांनी हात झटकले. पोरीने ते असं मनावर घेतलं, की इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला येऊन ठेपली. साध्या गणितातही तीन दशांशांपर्यंत जायची, म्हणून वर्गाने तिचं नाव ठेवलं दशांशताई.

पुलांची आखणी करणाऱ्या एका ऑफिसात जागा निघाली होती, एकच. सरांनी जाहीर केलं, वर्गाने मिळून ओतलेला काँक्रीटचा बीम किती वजनाला मोडेल हे जो अचूक सांगेल, त्याला शिफारसपत्र. हिने लिहिलं, ६.४१२ टन.

"बीमला दशांश वाचता येतात का गं?" सर म्हणाले.

भेगा उठून दिसाव्यात म्हणून बीमला चुना लावतात. हिने उत्साहाच्या भरात तो चारी बाजूंनी रंगवून काढला आणि वरची बाजू दाखवणारा खडूचा बाणही चुन्याखाली गडप केला. बीम मशीनवर चढला. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या मामांनी बटणावर बोट ठेवलं, तेव्हा तिला तो बाण आठवला. बीमच्या आतल्या जाड लोखंडी सळया तळाला हव्यात. त्या वर गेल्या असतील, तर बीम खडूसारखा तुटणार. गप्प बसावं तर निम्मी आशा तरी होती, बोलावं तर वर्गासमोर शोभा.

"मामा, थांबा. वरची बाजू कोणती, मला माहीत नाही."

वर्ग खिदळला. मामांनी वरचा चुना खरवडला. ओतताना सळयांखाली ठेवलेल्या ठोकळ्यांच्या चौकोनी खुणा दिसल्या. बीम उलटा होता.

सुलटा करून पुन्हा चढवला. तीन टनांवर मध्यावर केसाएवढी भेग उमटली, मग शेजारी दुसरी, तिसरी. बीम वाकत होता आणि वाकता वाकता पेलत होता. तिचा आकडा मागे पडला, सात टन झाले, तरी तो पेलतच होता. चार वर्षं वहीत काढलेल्या भेगांच्या रेघा डोळ्यांदेखत उमटत होत्या. म्हणजे ते सगळं खरंच होतं. ती श्वास घ्यायचीही विसरली. सव्वासात टनांवर बीम सावकाश बसला, आणि आपण हरलो हे तिला बऱ्याच वेळाने आठवलं.

त्या दिवशी वर्गात कुणाचाच आकडा जुळला नाही. संध्याकाळी सरांनी तिच्या हातात पाकीट ठेवलं.

"सर, माझा आकडा चुकला."

"तेही लिहिलंय त्यात. आकडे तपासायला त्या ऑफिसात चारजण आहेत. 'मला माहीत नाही, थांबा' म्हणणारं कुणी नाही. सोमवारी नऊला जा."