‘बाळ’ म्हटलं की कुत्रं पलंगाखाली

माझे वडील, आमचे दादा, उद्यमनगरात लेथ चालवायचे. दिवसभर मशिनच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची सवय, ती घरी आल्यावरही उतरायची नाही. शिवाजी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत ते “चटणी वाढ की!” म्हणाले, तर समोरच्या काकू वाटी घेऊन दारात येतील अशी आईला धास्ती. आई स्वतः त्यांच्यापेक्षा वरच्या पट्टीतली. मी दोघांची एकुलती एक लेक, तेव्हा माझं काय सांगायचं! दादा मला “ए भवाने” म्हणायचे, आणि त्यात इतकी माया असायची की दुसरं काही म्हटलेलं मला चाललंच नसतं.

दुसरं एक ते म्हणायचे, पण फक्त खरंच रागावल्यावर. तेव्हा आवाज एकदम खाली यायचा आणि ते शांतपणे म्हणायचे, “बाळ, जरा इकडं ये.” हे ‘बाळ’ कानावर पडलं की मी आईच्या मागं जाऊन उभी राहायचे. आमचं कुत्रंही ते ओळखून होतं. तांबडं, एका कानानं मोडकं, कुठूनसं आलं आणि राहिलं. नाव ठेवायचं राहूनच गेलं. दादा संध्याकाळी दारातून गरजायचे, “आरं ए मुडद्या, जित्ता हाईस न्हवं?” आणि ते शेपटीसकट सगळं मागचं अंग हलवत त्यांच्याभोवती गोल फिरायचं. पण मी बारावीच्या गणितात आपटले त्या दिवशी दादांनी ‘बाळ’ म्हणताक्षणी ते पलंगाखाली गेलं. त्याला गणितातलं काही कळत नव्हतं. तसं ते मलाही कळत नव्हतं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि मी लग्नाला आले होते. दोन-तीन स्थळं बघून गेली होती. प्रत्येक वेळी नकार यावा म्हणून मी अंबाबाईला साकडं घालायचे आणि देवी ऐकायचीही. आईचं म्हणणं मात्र वेगळं होतं. आपल्या घरच्या आरड्याओरड्याला पावणं भितात. म्हणून जयसिंगपूरचं स्थळ यायच्या आधी तिनं फर्मान काढलं, “सगळ्यांनी टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईगत बोलायचं. हळू.” दादा दाढी करता करता आरशासमोर घोकायला लागले, “आपला प्रवास सुखाचा झाला ना?” कुत्र्यानं ते ऐकलं आणि पुढ्यातली भाकरी तशीच ठेवली.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि आत्या. मी आतल्या पडद्याच्या फटीतून बघत होते. मुलगा दारात बूट काढत होता. त्याच्या मोज्याला अंगठ्याशी भोक पडलेलं. त्यानं इकडंतिकडं बघितलं, मोजा पुढं ओढला आणि भोक शिताफीनं अंगठ्याखाली दाबलं. झालं! मी त्या मुलावर भाळले. एवढ्यावर कुणी भाळतं का, असं विचारणाऱ्यांनी खुशाल विचारावं. हे स्थळ हातचं जाऊ नये, एवढं एकच मला वाटायला लागलं. मी कुणाला काही बोलले नाही, पण पोहे परतताना कुत्रं आलं आणि माझ्या पायावर हनुवटी टेकून बसलं.

बाहेर सगळी कुजबुज चाललेली. “आपण साखर किती घेता?” “आपण द्याल तेवढी.” आमच्या घरात असं कुणी कधी बोललं नव्हतं. कुत्रं बाहेर जाऊन कान टवकारून एकेकाचं तोंड बघायला लागलं. तेवढ्यात दादांनी गळ्यात मध ओतल्यासारखी हाक मारली, “बाळ, पोहे आण हं.”

कुत्रं सुसाट पलंगाखाली. त्याच पलंगावर पाहुणे बसलेले. मी पोहे घेऊन आले तर खालून रडका, बारीक आवाज सुरू झाला. आत्याबाईंचा घास हातातच राहिला. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “कुत्रं रडतंय. शुभ कामात हे बरं नाही.” आईचा चेहरा पडला. मुलाचे वडील खाकरून म्हणाले, “बरं, मग आम्ही कळवतो.” कळवतो! कळवतो म्हणून कधी कुणी कळवलंय? माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

आणि कुत्र्यानं गळा काढला, असा की पलंग हलला. मुलगा दचकून उडाला आणि त्याच्या हातातला चहा थेट त्याच्या वडिलांच्या पांढऱ्या धोतरावर. वडील उभे राहून गरजले, “आरं गाढवा, डोळं कुटं हाईत तुजं? हात भाजला न्हाय न्हवं?”

“न्हाय वो आण्णा,” मुलगाही तसाच ओरडला, “चा गारच हाय!”

त्यासरशी कुत्रं पलंगाखालून बाहेर आलं. शेपटी नुसती भिरभिरत होती. त्यानं पुढचे पाय आण्णांच्या भिजलेल्या धोतरावर ठेवले आणि त्यांचं तोंड चाटायला उडी घेतली. दादांना राहवेना. “ए मुडद्या, उतर खाली!” अख्ख्या पेठेला ऐकू जाईल असा आवाज. कुत्रं आनंदानं वेडं झालं.

आत्याबाई दादांकडं बघतच राहिल्या. “तुमी बी आसंच वरडता व्हय?”

“मग! लेथवर जलम गेला माजा.”

“मग मगापासनं कुजबुजत का हुता? मला वाटलं घरात कोन आजारी हाय!”

“तुमाला भ्या वाटंल म्हणून,” आई म्हणाली.

“आवो, आमी बी घरनं ठरवून आलतो, हळू बोलायचं म्हणून!” आत्याबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. “त्ये रडत न्हवतं बाई. त्ये आपल्याला भ्यालंतं.”

ते आम्हाला भ्यालं होतं, हे खरंच होतं. गोड गोड बोलणारी आम्ही सगळी माणसं आतून टरकलेली होतो आणि त्या बिचाऱ्याला आमचा गोडवा कळत नव्हता, फक्त ती भीती कळत होती. आत्याबाई पलंगावर ऐसपैस मांडी घालून बसल्या आणि त्यांनी पोह्यांची बशी पुढं ओढली.

मग दादांनी, पाहुण्यांच्या देखत कुठल्याच मुलीला विचारत नाहीत ते, भर बैठकीत विचारलं, “काय गं भवाने, पोरगा पसंत हाय का न्हाय?”

मी मान खाली घालायची, लाजायचं आणि आत पळायचं, हे आईनं चारदा शिकवलं होतं. ते सगळं विसरून मी सरळ त्या मुलाकडं बघितलं आणि दादांच्याही वरच्या आवाजात ओरडले, “व्हय!”