दोरी धरणारा माणूस

मेहरूणच्या तलावावर मी धुणं घेऊन जाई, तेव्हा तो रोज काठाशी बसलेला असे. मांडीवर वही आणि उथळ पाण्यात वीतभर लाकडी होडी. तिच्यात माणसांच्या जागी चिंचोके, शिडाला रुमाल. वारा आला की होडी कलंडायची. तो नखं खात आकडे खोडायचा आणि पाण्यातून चिंचोके वेचायचा.

"हाऊ तं बठ्ठा येडा शे," शेजारची बाई हसायची.

एक दिवस तो आपणहून बोलला. "अक्का, कॉम्प्युटरवरचा खेळ बनवतोय. खोट्या राज्यातली माणसं होड्या बांधून समुद्र ओलांडतात. सोमवारी पुण्यात दाखवायचाय. खेळणाऱ्याची होडी बुडाली तर तो पुन्हा सुरू करेल. माझा खेळ बुडाला तर मला पुन्हा कोणी बोलावणार नाही."

त्याची चूक मला आधीच दिसली होती. शिडाची दोरी तो गाठ मारून बांधायचा. माझे बाबा तापीवर नाव चालवायचे. ते चादरीचं शीड लावत, पण दोरी हातातच धरत आणि वारा वाढला की सैल सोडत. पण परक्या पुरुषाला सांगायचं कसं? बायका बघत होत्या. शेवटी धुण्याकडे बघतच म्हटलं, "भाऊ, दोरीले गाठ नका मारा. हातमा धरा."

त्याने दोरी बोटांत धरली. वारा आला, होडी कलली. त्याने दोरी सैल केली आणि ती सरळ झाली.

तो हसला नाही. घाईघाईने लिहू लागला. "प्रत्येक होडीत दोरी धरणारा माणूस हवा. त्याला नाव काय देऊ, अक्का?"

मी बाबांचं नाव सांगितलं आणि धुणं न पिळताच घरी आले.