कमांडरची सही

मी नागपूरची. भुताखेतांच्या गोष्टी रंगवून सांगणाऱ्यांची टिंगल करण्यात माझा पहिला नंबर असायचा. पण २००४ च्या फॉल सेमिस्टरमध्ये अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या गावी जे या डोळ्यांनी पाहिलं, ते आज लिहून टाकते...

मी तेव्हा पीएचडी करत होते. मिसेस डॉसन नावाच्या एका एकट्या राहणाऱ्या बाईंच्या घरी वरच्या रूममध्ये राहायचे. त्यांचे खापरपणजोबा शिडाच्या चार जहाजांच्या व्यापारी ताफ्याचे कमांडर. त्यांच्या हातची लॉगबुकं, म्हणजे जहाजावरच्या रोजच्या नोंदवह्या, बाईंकडे होती, प्रत्येक पानाखाली झोकदार सही. त्यावरून फॅमिलीसाठी पुस्तक करायचं होतं. स्कॅनिंग, टायपिंग मी हौसेने अंगावर घेतलं.

बंदरं, वादळं, कापसाच्या गाठी... आणि मधेच एक ओळ — 'आजाऱ्यांसाठी जादा पाणी मागणाऱ्या राघो या मुंबईच्या खलाशाला उद्धटपणाबद्दल ओसाड बेटावर उतरवलं. वारा अनुकूल.' बस्स! पुढे लगेच डिनरला काय होतं ते.

माझं डोकंच फिरलं. ओळ बाईंना दाखवली, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "ती ओळ गाळ. ही वॉज अ ग्रेट मॅन, डिअर."

घर त्यांचं... मी गाळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कॅनिंगला बसले, तर स्कॅनमध्ये कमांडरच्या सहीवर ओला डाग. पान हातात घेतलं — कोरडं ठणठणीत. काच पुसून पुन्हा स्कॅन केलं. डाग वाढलेला. काचेवर पांढरी पूड दिसली. जिभेला लावून पाहिली... मीठ!

मी बाईंना हाक मारली. आम्ही दोघी पाहत असताना, खिडकीतल्या भर उन्हात, ती सही फिकी होत होत गेली. मग पुढच्या पानावरची. मग त्याच्या पुढची... 'राघो' मात्र तसाच ठसठशीत. शाई तीच!

"मेक इट स्टॉप!" बाई रडायला लागल्या.

"त्याने फक्त पाणी मागितलं होतं," मी म्हणाले. "जाऊ देत सगळ्या सह्या."

शेवटची सही गेल्यावरच ते थांबलं. मी गाळलेली ओळ टाईप केली, प्रिंट त्यांच्या टेबलावर ठेवली. आठवड्याभरात मला रूम सोडावी लागली.

केमिस्ट्रीतला मित्र म्हणतो, जुनी शाई उडते यार. उडत असेल. पण फक्त सह्यांचीच?

आणि खरं सांगू? मला भीती वाटलीच नाही. एकेक सही जाताना मी मनात म्हणत होते — अजून एक... अजून एक.