हॅलोमामी आणि वरच्या खोलीचा दिवा

वरच्या खोलीत उतरलेल्या पाहुण्यांच्या अंगाला साबण असतानाच हॅलोमामी खालून गिझर बंद करते, अशी बातमी गल्लीत बरेच दिवस गरमागरम फिरत होती. गरम फक्त बातमी, पाणी नव्हे. खरी गोष्ट अशी की हे एकदाच घडलं, आणि साबणात सापडला तो पाहुणा नव्हताच, मामीचा सख्खा जावई होता. न्हाणीघरात तो इतका वेळ गात राहिला, की मामीला वाटलं आंघोळ कधीच उरकली, आता नुसता रियाज चाललाय.

हॅलोमामी हे नाव तिला चिकटलं नोकरीमुळे. फोन हाताने जोडून देण्याचे दिवस होते ते. डोक्याला हेडफोन, समोर भिंतीएवढा बोर्ड आणि त्यावर हरभऱ्याएवढे दिवे. दिवा पेटला म्हणजे तिकडे कुणीतरी वाट बघतंय. तार खोचायची, 'हॅलो, नंबर?' विचारायचं, की दिवा विझला. एखादा जरा जास्त वेळ पेटलेला राहिला, तर मोठ्या बाई मागून खेकसायच्या, "अगं, जिवंत माणूस ताटकळलंय तिथे!"

त्यातला एक दिवा रोज दुपारच्या चहाला नेमाने पेटायचा. पलीकडे खांबावर चढलेला लाइनमन. "लाइन तपासतोय," म्हणायचा. वर्षभर तपासली. बिघाड लाइनमध्ये नव्हताच, लाइनमनमध्ये होता, आणि तो मामीने जन्मभरासाठी दुरुस्तीला घेतला.

लग्नानंतर या लाइनमनमामांनी घरातच तार ओढली. खाली स्वयंपाकघरात एक फोन, वर मुलांच्या खोलीत एक. पानं वाढली की मामी खालून घंटी वाजवायची, आणि वरून पोरं जिना हादरवत उतरायची. पुढे पोरं आपापल्या वाटेने पांगली, मामा तर परत न येण्याच्या वाटेने गेले. वर फोन तेवढा राहिला. मामी अधूनमधून त्याची धूळ पुसायची. वाजवायची मात्र नाही. वाजवून कोण येणार होतं?

मग मुलीने मोबाइलवरून ती खोली दोन-चार दिवसांच्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. जिन्यावर पुन्हा पावलं वाजू लागली, मामीला बरं वाटलं. पण पाहुणे फिरायला निघायचे ते दिवे, पंखा, एसी, सगळं तसंच ठेवून. रिकाम्या खोलीत दिवा दिसला की मामीचा जीव खालीवर. बिलाचं दुःख नंतरचं. आधी वाटायचं, तिथे कुणीतरी ताटकळलंय आणि आपण नुसत्या बसलोय. मग पाहुणे परतले रे परतले की ती वर जाऊन दार ठोठावायची. "बाळांनो, मघाशी पंखा कुणाला वारा घालत होता रे?"

एका पाहुण्याने मोबाइलवर लिहून टाकलं, 'जागा छान, पण मालकीणबाई सारखं दार वाजवतात.'

मुलीचा लगेच फोन. "आई, आता आणखी एक तक्रार आली ना, की खोली एजन्सीकडे. ते दाराशी कार्ड बसवतील, कार्ड काढलं की सगळं आपोआप बंद. तुला वर चढायलाच नको. आणि तो जुना फोन काढून टाकतील."

"फोन का? तो काय वीज खातो?"

"धूळ खातो! तू शपथ घे, पाहुण्यांच्या दाराला हात लावणार नाहीस."

मामीने शपथ घेतली. तोंडाला कुलूप, हाताला बेडी.

पुढचे पाहुणे म्हणजे एक नवं जोडपं. संध्याकाळी ती दोघं नटूनथटून जिना उतरली. वर लखलखाट, आणि एसी मामीच्या खिडकीबाहेर घरघरतोय. समोरच्या शिंप्याने दुकानातूनच हाळी दिली, "काय मामी, वर लग्नघर काढलंय वाटतं!"

"तू तुझी काजं शिव," मामी करवादली. पण पाय आपसूक जिन्याकडे वळले. पहिल्या पायरीवर शपथ आठवली. मागे फिरली. स्वयंपाकघरात येरझारा घातल्या, तर समोर तो फोन. किती वर्षांनी तिने घंटी वाजवली.

वर खणखणाट सुरू झाला. फाटकापर्यंत पोचलेली पोरगी दचकली. "अरे, आपल्या खोलीत फोन वाजतोय!" दोघं धावत वर.

जिना हादरला. मामीने रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. पोरं खाली यायची, ही वर गेली, पण आवाज तोच होता.

"हॅलो?"

"हॅलो. काही हवं होतं का गं?"

"नाही मावशी, आम्ही तर बाहेर निघालोय."

"असं होय! दिवा दिसला पेटलेला, म्हटलं कुणी वाट बघतंय."

वरून खुदकन हसू, आणि पटापट बटणं बंद झाल्याचा आवाज.

दुसऱ्या दिवशी दिवे बंद, पण एसी विसरला. पुन्हा घंटी, पुन्हा धावपळ. नवरा वैतागला, बायको हसून लोटपोट. तिसऱ्या दिवशी दोघांनी फाटकातूनच वर बोट दाखवलं: बघा, सगळं बंद! परत आल्यावर चहाला मामीकडेच बसली, आणि लाइनमनचा बिघाड काय होता ते पोरीने दोनदा सांगायला लावलं. दुसऱ्या खेपेला मामीने तो थोडा वाढवूनच सांगितला.

दोघं गेली. मुलीचा फोन येईतो मामीला घास गोड लागला नाही. वरच्या फोनवरून तिने उगाचच तीनदा फडकं फिरवलं. अखेर मुलीने वाचून दाखवलं, "'या घरात दिवा चालू ठेवून निघालात तर फोन वाजतो. जरूर उचला.' आणि वर पाचही तारे! एजन्सीवाल्याला मी नाही म्हणून कळवते. पण आई, खरं सांग, शपथ मोडलीस ना?"

"दाराला हात लावला असेल तर बघ. दिवा पेटला, मी नंबर जोडून दिला. जन्मभर दुसरं काय केलंय गं मी?"