करारावरचं कुंकू

सही करण्याआधी सवयीने मी बेदाणे निर्यातीच्या कराराला कुंकवाचं बोट लावलं. ते नेमकं कोरियाहून आलेल्या व्यापाऱ्याच्या छापील नावावर उमटलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. दुभाषी बाई कुजबुजल्या, “दादा, त्यांच्याकडे लाल रंगात मेलेल्या माणसाचं नाव लिहितात.” मी दचकून बोट मागे घेतलं. मघाशी ‘भांडण झालं तर खटला कोरियाच्याच कोर्टात’ हे कलम वाचतानाही मी असाच दचकलो होतो. तेव्हा तो निवांत हसत होता. आपलं शुभ त्याला मरणासारखं दिसतं, त्याचा साधा नियम आपल्याला फासासारखा. मग माणसं समुद्रापलीकडे व्यापार करतात तरी कशाच्या भरवशावर? त्याने सही करून पेन माझ्याकडे सरकवलं. ते घामाने ओलं होतं, आणि पुसायला माझा हातही कोरडा नव्हता.