वास नसलेला माणूस

काचबिंदूने सासूबाईंची नजर जवळजवळ गेली, तेव्हा आम्ही त्यांना बदलापूरजवळच्या गावातून अंबरनाथ पश्चिमेला आमच्या फ्लॅटवर आणलं. सगळा जन्म भातशेतीत गेलेला. लिफ्टला घाबरायच्या, टाइल्सवर पाय जपून टाकायच्या. पण थोड्याच दिवसांत त्यांनी नाकाने घर ओळखून घेतलं. दूध उतू जायच्या आधी हाक मारायच्या. मी शाळेतून घरी आले की माझा हात नाकाशी नेऊन म्हणायच्या, "आज फळ्यावर लय लिवलंस."

माझा नवरा एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात आहे. संध्याकाळी तो आला की दारालगतच्या खुर्चीत बसलेल्या आईसमोर वाकायचा. त्या त्याच्या मानेमागे हात घालून त्याला जवळ ओढायच्या, खोल श्वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "आलास, बाला." त्या मानेला घामाबरोबर कारखान्याचा उग्र, किंचित गोडसर दर्प असायचा. मी त्याला आधी आंघोळीला पिटाळायचे, पण आईंचा हक्क त्याच्याही आधीचा.

विसरायला त्यांना झालंच होतं. जेवण झालंय की नाही हे आठवायचं नाही. सासरे जाऊन कित्येक वर्षं झाली, तरी कधीकधी त्यांचं ताट वाढायला सांगायच्या. मुलगा मात्र कधी चुकला नाही.

मग नवऱ्याला बढती मिळाली. प्लांटमध्ये फेऱ्या होत्याच, शिवाय बाहेरून आलेल्या पार्ट्यांबरोबर एसी खोलीत बसणं आलं. एकदा तो मीटिंगला शिरायच्या आत एका सहकाऱ्याने त्याच्या खुर्चीभोवती रूम फ्रेशनर मारला. त्याने हे मला जेवताना एका वाक्यात सांगितलं आणि वर म्हणाला, "आमटी छान झालीय."

त्या रविवारी आम्ही उल्हासनगरला गेलो. दुकानदाराने राखाडी रंगाची बनियनं काउंटरवर टाकली. हाताला गुळगुळीत, थंड. "साहब, पसीना पी जाता है," तो म्हणाला. "दो दिन पहनो, बास नहीं मारेगा." नवऱ्याने तशी अर्धा डझन घेतली. बरोबर त्याच जातीच्या कापडाचे शर्टही घेतले.

खरंच गुण आला. दिवसभर प्लांटमध्ये फिरून तो घरी यायचा आणि त्याच्या अंगाला कसलाच वास नसायचा. मी खूश होते. पहिल्या संध्याकाळी तो नेहमीसारखा आईपुढे वाकला. त्यांनी त्याला जवळ ओढलं, श्वास घेतला आणि हात सोडून दिला.

"कोन?"

"अगं आई, मी."

"बसा," त्या अदबीने म्हणाल्या. "पोरगा येईल आता कामावरनं."

आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी त्या जेवायला बसेनात. पोरगा अजून आला नाही म्हणाल्या. तो शेजारी बसून लहानपणीच्या गोष्टी सांगू लागला. विहिरीत पडला होता ती, शेतातल्या खेकड्यांची. त्या मान तिरकी करून ऐकत राहिल्या. त्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट आवळलेले होते.

तो आंघोळीला गेल्यावर त्यांनी मला खूण करून जवळ बोलावलं. "आवाज अगदी माज्या पोराचाच काढतोय," त्या कुजबुजल्या. "त्याला सगलं ठावं हाय. कुनी सांगितलं त्याला?"

"आई, तो तुमचाच मुलगा आहे."

"जित्या मानसाला वास असतो, पोरी. याला नाय."

त्या रात्री तो माझ्या बाजूला झोपलेला असताना मी त्याच्या पाठीला नाक लावलं. कापडाचा मंद, धातूसारखा गारवा होता, बाकी काही नाही. मी कूस बदलली. हे मी त्याला आजवर सांगितलेलं नाही.

डॉक्टर म्हणाले, स्मृतिभ्रंशाच्या या आजारात असं होतं, माणूस बदललाय असं वाटतं. वाद घालू नका, गोळ्या सुरू ठेवा. बनियनाचं काही त्यांना सांगायचं सुचलं नाही, कारण आमच्याच लक्षात आलं नव्हतं. आईंचं बोलणं मी आजाराचं बोलणं म्हणून ऐकत होते. आता त्यांचा प्रश्नही बदलला होता. पोरगा कधी येणार हे त्या विचारत नव्हत्या. विचारायच्या, "त्यानं माज्या पोराचं काय केलं?"

शुक्रवारी एमआयडीसी बंद असते. त्या शुक्रवारी मी दुपारी शाळेतून आले तर समोरच्या सिंधी काकू आमच्या उघड्या दारात उभ्या होत्या. "देखो ना, माँजी किसी की सुनती नहीं," त्या म्हणाल्या. आतून दार बडवल्याचा आवाज येत होता.

नवरा बेडरूममध्ये झोपला असताना आईंनी बाहेरून कडी घातली होती. दारापुढे खुर्ची ओढून त्या बसल्या होत्या. मांडीवर विळी होती, नारळ खवायची. पातं उघडं.

"धरलाय त्याला," माझी चाहूल लागताच त्या म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता. "आता बोलल माजा बाला कुठं हाय ते."

"आई, विळी द्या माझ्याकडे."

"जवल येऊ नको. तू पन त्याला जेवाया घालतेस."

आतून नवरा ओरडला, "आई, दार उघड गं!" तशी त्यांची बोटं पात्याजवळ सरकली.

काय सुचलं, कसं सुचलं, सांगता येत नाही. गॅलरीत गाडी पुसायला ठेवलेलं त्याचं जुनं सुती बनियन होतं. कितीही धुतलं तरी तो दर्प त्यातून गेला नव्हता. मी ते आणून लांबूनच त्यांच्या खांद्यावर टाकलं. त्यांनी ते चाचपलं, तोंडाशी नेलं आणि दोन्ही हातांनी चेहऱ्यावर दाबून धरलं. विळी मांडीवरून खाली घसरली. काकूंनी ती पायाने दूर सारली.

मी कडी काढली. नवऱ्याच्या अंगावर तेच राखाडी बनियन होतं. "काढ ते," मी म्हणाले. तो तसाच उघडा, घामाने निथळत, आईसमोर बसला. त्यांनी त्याची मान हुंगली आणि हंबरडा फोडला.

"कुठं होतास रं इतके दिस?"

"इथेच होतो, आई."

त्याला मिठीत धरूनच त्यांनी बेडरूमकडे तोंड वळवलं. "कडी घाल," त्या मला म्हणाल्या. "तो आत हाय अजून."

मी कडी घातली.

बनियनं आम्ही देऊन टाकली. नवरा पुन्हा सुती कपडे घालू लागला आणि मीटिंगमध्ये खिडकीजवळची खुर्ची धरू लागला. काही महिने बरे गेले. पण बंद दारासमोर आल्या की आई थांबायच्या, कान द्यायच्या. पुढच्या वेळी हे सगळं डॉक्टरांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, या आजारात नाकही हळूहळू जातं.

ते खरं झालं. दिवाळीनंतर एका संध्याकाळी आईंनी मुलाची घामाने भिजलेली मान हुंगली, परत हुंगली आणि चेहरा मागे घेतला. आता दूध उतू गेलेलंही त्यांना कळत नाही.

खोल्यांच्या बाहेरच्या कड्या आम्ही सुताराला बोलावून काढून घेतल्या. विळी काकूंकडे असते. नारळ खवायचा असला की मी तिकडे जाते. सुट्टीच्या दिवशी नवरा दुपारचा आडवा होतो, पण झोपत नाही. काल त्याच्या शेजारी पडल्यापडल्या मी पाहिलं, तो दाराकडे तोंड करून पडला होता आणि बाहेर, अगदी दारापाशी, आईंचा धपापता श्वास ऐकू येत होता.